स्लाइडवर सगळं लिहिलं नाही, तर बोलू काय?

पीएच.डी. करणारी मुलं-मुली परिषदेच्या आधी माझ्याकडे येतात, तेव्हा तक्रार बहुतेक एकच असते: "स्टेजवर गेलं की डोकं रिकामं होतंय." लॅपटॉप उघडायला सांगावं, तर स्लाइडवर मुंगी शिरायला जागा नसते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलेलं नसतं.

कोल्हापुरातल्याच एका विद्यार्थिनीचं सांगते. तिची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. विषय पंचगंगेच्या पाण्याचा. प्रयाग चिखलीच्या संगमापासून नरसोबाच्या वाडीपर्यंत ठिकठिकाणचे, वेगवेगळ्या ऋतूंतले नमुने. काम चोख होतं. बोलायला मिळणार होती दहा मिनिटं आणि स्लाइड होत्या सव्वीस. दहावीपर्यंत मराठी माध्यम, परिषद इंग्रजीत. "मॅडम, मधेच अडकले तर निदान वाचून तरी दाखवता येईल की!"

म्हणजे स्लाइड श्रोत्यांसाठी नव्हत्याच, तिच्या भीतीसाठी होत्या. पण माणूस डोळ्यांनी भरभर वाचतो आणि तोंडाने सावकाश बोलतो. ती दुसऱ्या ओळीवर असताना सभागृह शेवटच्या ओळीवर पोचलेलं असतं. तेच वाक्य पुन्हा ऐकायचा कंटाळा येतो, माना मोबाईलकडे वळतात. ते पाहून ती आणखी घाबरते आणि पडद्याकडे तोंड करून वाचू लागते.

म्हणून "मजकूर कमी कर" असं मी लगेच म्हटलं नाही. आधार काढून घेतला असता, तर ती कोसळली असती. आधी तिला घरी उभं राहून बोलायला लावलं, फोनवर चित्रीकरण करायला सांगितलं. ते पाहून म्हणाली, "आतनं एवढं धडधडालतं, हितं तर काहीच दिसत नाही की ओ!" आपली घालमेल समोरच्याला स्पष्ट दिसते असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात ती खूपच कमी दिसते. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये हे मांडलं. पुढे 2003 मध्ये सॅवित्स्की आणि गिलोविच यांना असं आढळलं की ज्या वक्त्यांना ही गोष्ट आधी सांगितलेली असते, ते अधिक चांगलं बोलतात. माझ्या कामात मला हे फार मोलाचं वाटतं.

मग भीतीला तिची वेगळी जागा दिली. सुरुवातीची दोन वाक्यं तोंडपाठ, पुढचं पाठ करायचं नाही, कारण पाठांतरातला एक शब्द निसटला की सगळंच अडतं. हातात छोटं कार्ड, त्यावर फक्त मुद्द्यांचे शब्द. इंग्रजी वाक्यं लहान आणि तिची स्वतःची.

आता स्लाइडकडे वळता आलं. एका स्लाइडवर महिने, ठिकाणं, पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते), बीओडी (पाण्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन), विरघळलेला ऑक्सिजन असा मोठा तक्ता होता, वर शीर्षक "निकाल व चर्चा". रिकाम्या वर्गात तो प्रोजेक्टरवर लावला आणि तिलाच शेवटच्या बाकावर बसवलं. तिला स्वतःचे आकडे वाचता येईनात. त्या जागी एकच आलेख आला, ऑक्सिजनचा, आणि शीर्षकच निष्कर्ष झालं: उन्हाळ्यात पाण्यातला ऑक्सिजन घटतो. का घटतो, हे तोंडी सांगायचं: कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, त्यात प्रवाहही मंदावलेला असतो. आलेखातल्या लाल-हिरव्या रेषा निळ्या-नारिंगी केल्या, कारण काहींना लाल-हिरवा फरक कळत नाही. स्लाइड राहिल्या दहा. तक्ते टाकून दिले नाहीत, आभाराच्या स्लाइडनंतर ठेवले. पॉवरपॉइंटमध्ये सादरीकरण चालू असताना स्लाइडचा क्रमांक टाकून एंटर दाबलं की थेट तिथे जाता येतं. तो क्रमांक कार्डावर लिहिला. पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर आणि मेलवरही.

परिषदेत पहिलं वाक्य कापऱ्या आवाजातच आलं, असं तिनं नंतर फोनवर सांगितलं. दुसरं नीट आलं. प्रश्न तेरवाड बंधाऱ्याजवळच्या नमुन्यांवर आला, तेव्हा तिनं क्रमांक टाकून तक्ता समोर आणला. जड धातूंबद्दलच्या प्रश्नाला "ते मी मोजलेलं नाही" एवढंच सांगून थांबली. ते उत्तर पूर्ण आणि प्रामाणिक आहे, हे आम्ही आधीच बोललो होतो.

मात्र परिषदेच्या नुसत्या विचाराने कुणाची आठवडेच्या आठवडे झोप उडत असेल, वर्गात बोलणंही टाळलं जात असेल, तर केवळ स्लाइड सुधारून भागणार नाही. अशांनी तारीख जवळ यायची वाट न पाहता समुपदेशकाला किंवा मनोविकारतज्ज्ञाला भेटावं.