एल-वनकडून (आयटी सपोर्टच्या पहिल्या फळीकडून) एल-टूकडे (पुढच्या तज्ज्ञ टीमकडे) तिकीट, म्हणजे युजरच्या तक्रारीची नोंद, देताना नेमकं काय लिहावं?

नुसतं ‘व्हीपीएन चालत नाही, कृपया बघा’ लिहून तिकीट पुढे ढकललंत, तर समोरचा युजरला तेच प्रश्न पुन्हा विचारणार. त्याऐवजी असं लिहा: ‘सकाळी 9.40 पासून विंडोजवर व्हीपीएन जोडताना एरर 809. मोबाइल हॉटस्पॉटवरून जोडलं जातं, घरच्या वायफायवरून नाही. राउटर रीस्टार्ट करून पाहिला.’ एवढ्यावर नेटवर्कवाला थेट व्हीपीएनला लागणारे यूडीपी 500 आणि 4500 पोर्ट तपासायला घेतो.

आयटिलच्या (आयटी सेवा चालवण्याच्या प्रचलित चौकटीच्या) रीतीनुसार तिकीट दुसऱ्या टीमकडे गेलं तरी मालकी सर्व्हिस डेस्ककडेच, म्हणजे एल-वनकडेच राहते. म्हणून युजरला फोन तुम्हीच करा, तो बिचारा वाट बघत असतो. शिफ्ट संपताना पी-वन (सर्वात तातडीचं) तिकीट उघडं असेल, तर पुढच्या शिफ्टवाल्याशी बोला. त्याने ‘घेतलं’ म्हटल्यावरच लॉगआउट करा.