वर्षभर एकाच पंक्तीला

प्रिय चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. घरातल्या दोन्ही लेकरांना स्वयंपाकघरातून जगाची ओळख करून द्यावी, दर रविवारी एका नव्या देशाचा पदार्थ करावा आणि वर्षात 52 देश पुरे करावेत, या तुझ्या बेतामागची इच्छा मला फार आवडली. बेत मात्र बदल, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. या रविवारी जपान आणि पुढच्या रविवारी इटली असे केलेस, तर मुलांना काही चवी आठवतील आणि त्याही एकमेकींत मिसळून जातील. एखादे अन्न तसेच का शिजवतात, ते कोण कोणाला वाढते, कोणत्या सणाला करतात, उरले तर त्याचे काय करतात, हे कळायला त्याच अन्नाकडे पुन्हा पुन्हा यावे लागते. म्हणून एकच देश निवड आणि त्याच्या पंक्तीला वर्षभर बस. मी मेक्सिको निवडीन, कारण त्या देशातून निघालेले कितीतरी जिन्नस आपल्या फडताळात आधीपासूनच आहेत.

सुरुवात मक्यापासून कर. सुमारे 9000 वर्षांपूर्वी नैऋत्य मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात तिथल्या माणसांनी तेओसिंते नावाच्या रानगवतापासून मका घडवला. हा मका ते नुसता दळत नाहीत, आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात. आपण विड्याला लावतो तोच हा चुना. एक किलो वाळलेल्या मक्याला तीन लिटर पाणी आणि 10 ग्रॅम कोरडा, खाण्याचा चुना पुरतो. पानवाल्याकडचा ओला चुना घेतलास, तर त्यातल्या पाण्याच्या हिशेबाने थोडा अधिक लागेल. पातेले स्टीलचे घे, कारण ॲल्युमिनिअमला चुना खातो. आणि पेरणीचे बियाणे चुकूनही आणू नकोस, कारण त्याला औषध चोळलेले असते. चुना तू स्वतः कालव, मुलांच्या डोळ्यांत शिंतोडे जाता कामा नयेत. मंद आचेवर पाऊण तास शिजवून मका रात्रभर झाकून ठेवला, की सकाळी दाण्याची सालपटे बोटांच्या चिमटीत सुटून येतात. मग दाणे चोळून स्वच्छ धुवायचे आणि वाटायचे. तिथे ज्या दगडावर वाटतात त्याला मेटाटे म्हणतात; आपल्या पाट्या-वरवंट्याची आठवण व्हावी असाच तो असतो. मी पहिल्या खेपेला भीतीने चुना फार कमी घातला होता. सालपटे दाण्यांना चिकटून राहिली, पीठ थापताना चिरत गेले, आणि चुना नेमके काय करतो हे मला त्या दिवशी समजले.

त्याचे दुसरे काम डोळ्यांना दिसत नाही, आणि मुलांना मुख्यतः तेच सांगायला हवे. मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व असे बांधलेले असते की ते शरीराला लागत नाही. चुन्याच्या पाण्यात ते मोकळे होते. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, पण ही रीत मागेच राहिली, आणि जिथे गरिबांचे पोट जवळजवळ केवळ मक्यावर भरू लागले, तिथे कातडी सोलवटणारा, माणसाला भ्रमिष्ट करणारा रोग पसरला. स्पेनमधल्या गास्पार कासाल या वैद्याने 18व्या शतकात त्याचे वर्णन केले. इटलीत त्याला पेलाग्रा, म्हणजे खरखरीत कातडी, असे नाव मिळाले. 20व्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतही त्याने हजारो माणसे नेली. दाणे जहाजात चढले, पण ज्या बायकांच्या हातात ती रीत होती त्यांना कोणी विचारले नाही. एखाद्या समाजाचे अन्न शिकताना त्याचे शहाणपणही मागून घ्यावे लागते, हे मला याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण माहीत नाही.

या पिठाच्या टॉर्टिया, म्हणजे तिथल्या पातळ भाकऱ्या, थापायला तुझ्या आईला बोलाव. भाकरी थापणाऱ्या हाताला पिठाचे पाणी लगेच कळते, आणि मुलांनाही या निमित्ताने आजीची विद्या दिसेल. तव्याला तिथे कोमाल म्हणतात. भाजलेल्या टॉर्टिया पोळ्यांसारख्याच फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात, आणि सोबत कांदा, लसूण, मीठ घालून नुसता उकडलेला राजमा असावा. पहिल्या महिन्यात एवढेच पुष्कळ झाले. शिळ्या टॉर्टियांचे तुकडे तळून मिरची-टोमॅटोच्या रश्शात घोळवले की चिलाकिलेस होतात. त्या दिवशी शेजारी फोडणीची पोळी ठेव आणि मुलांना काही न सांगता दोन्ही वाढ.

जेवणाच्या रीतीही वर्षभर पाळा. तिथे जेवणाऱ्याला, अगदी अनोळखी माणसालाही, ‘प्रोवेचो’ म्हणतात. आपल्या पंगतीत यजमान ‘सावकाश होऊ द्या’ म्हणत फिरतो, त्याच मायेचा तो शब्द आहे. जेवण झाल्यावर न उठता बोलत बसण्याला ‘सोब्रेमेसा’ असे स्वतंत्र नाव आहे. आपण हात वाळेपर्यंत गप्पा मारतो, पण त्याला नाव दिलेले नाही. ताटावर कोणी ‘शी’ म्हणायचे नाही, हा नियम मात्र पहिल्याच दिवशी घाल. मेक्सिकोतल्या वाहाका राज्यात भाजलेले नाकतोडे आवडीने खातात, ही गोष्टही मुलांनी त्याच आदराने ऐकली पाहिजे.

एकादशीला राजगिऱ्याचा लाडू हातात देशील, तेव्हा त्यांना सांग की राजगिरा मूळचा तिकडचाच. स्पॅनिश येण्यापूर्वी तिथे राज्य करणारे अस्तेक लोक त्याच्या पिठात मध मिसळून देवांच्या मूर्ती करीत, म्हणून पुढे स्पॅनिश सत्तेला तो खटकला. तरी तो टिकला, आणि आज त्याच्या लाह्यांची वडी तिथे ‘आलेग्रिया’, म्हणजे आनंद, या नावाने विकली जाते.

नोव्हेंबरच्या 1 आणि 2 तारखेला मेक्सिकोत घरोघरी आपल्या वारलेल्या माणसांसाठी ओफ्रेंदा, म्हणजे नैवेद्याची आरास, मांडतात. त्यांचे आवडते पदार्थ, पाणी, दिवे आणि वाटेवर झेंडूच्या पाकळ्या. आपण दसऱ्याला दाराला बांधतो तो झेंडूही मूळचा तिथलाच. तुझ्या घरात लगेच ‘हा तर आपला पितृपक्ष’ असे कोणीतरी म्हणेल. म्हणू दे, पण तिथे थांबू देऊ नकोस. आपण पितरांचे पान कावळ्याला ठेवतो आणि त्या पंधरवड्यात शुभकार्य टाळतो. तिथे गेलेली माणसे पाहुणी म्हणून येतात आणि त्यांच्यासाठी गाणे-वाजवणेही होते. साम्य दिसले की आपल्याला फार लवकर समाधान वाटते. मुलांना फरकापाशी थोडा वेळ बसायला शिकव.

पहिल्या खेपेला अर्धाच किलो मका घे, चुना आणि पाणीही निम्मे, आणि पीठ कसे झाले ते सविस्तर कळव. थापताना ते चिरलेच, तर फेकू नकोस. पाण्यात कालवून, गूळ आणि दालचिनीचा तुकडा घालून दाटसर शिजव. तिथे त्याला आतोले म्हणतात आणि ते सकाळी गरम गरम पितात.

तुझ्या बाई