मोराचा पिसारा, संकासुर आणि तिसऱ्यांचे शिंपले

(वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देत आहेत फोंडा तालुक्यातील प्राणिशास्त्राच्या एक निवृत्त शिक्षिका.)

बाई, मी पणजीत चित्रकला शिकते. आम्हांला शिकवलं की डार्विनच्या मते निसर्गात सौंदर्य असं काही नसतंच, जे आहे ते जगण्याच्या उपयोगाचं. मग मोराच्या पिसाऱ्याचा उपयोग काय? – एक विद्यार्थिनी, ताळगाव

हे मत डार्विनच्या नावावर खपवलं जातं खरं, पण त्याचं नव्हे. पिसाऱ्याने त्या माणसाला फार छळलं होतं. त्याचा मुख्य ग्रंथ नोव्हेंबर १८५९ मध्ये बाहेर पडला आणि पाच महिने व्हायच्या आत, ३ एप्रिल १८६० रोजी, त्याने एसा ग्रे या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलं की मोराचं पीस नजरेला पडलं की मला मळमळतं. आपल्या शेतकऱ्यांनाही मोर बघून तसंच होतं म्हणा, पण त्यांचं कारण वेगळं. २०१६ मध्ये मोराला उपद्रवी ठरवण्याचा विचार खुद्द गोवा सरकारने बोलून दाखवला होता, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते तुझ्या आईला विचार.

डार्विनची अडचण अशी की जगायला मदत करणारं टिकतं, असं तो नुकताच सांगून बसला होता. आणि हा पक्षी पाऊस सरत आला की सगळा पिसारा गाळतो, पुन्हा पहिल्यापासून वाढवतो. एवढा खटाटोप कशासाठी? ना त्याने दाणा मिळतो, ना कोल्हा पळतो. उत्तर द्यायला त्याला १८७१ साल उजाडलं. माणसाच्या उत्पत्तीवरचा त्याचा जो ग्रंथ आहे, त्याचा निम्म्याहून जास्त भाग माणसावर नाहीच, तो प्राण्यांच्या जोडीदार-निवडीवर आहे. त्यात त्याने सरळ लिहिलं की मोर असा झाला तो लांडोरींमुळे. पिढ्यान्‌पिढ्या त्यांना जे आवडलं ते वाढत गेलं. मादीला सौंदर्याची जाण असते, हे त्याने उपमा म्हणून म्हटलेलं नाही, त्याला ते तसंच म्हणायचं होतं.

तू चित्रकार होणार आहेस म्हणून एक बारकावा सांगते. मलायाच्या जंगलात आर्गस नावाचा एक मोठा रानकोंबड्याच्या कुळातला पक्षी आहे. नराच्या पंखाच्या पिसांवर ओळीने गोल ठिपके असतात. त्यांना अशी छटा दिलेली असते की ते सपाट दिसतच नाहीत, खोबणीत ठेवलेल्या गोट्या वाटतात. डार्विनने ही पिसं काही चित्रकारांना दाखवली आणि छायाप्रकाशाचं काम बघून सगळ्यांनी वाखाणणी केली, असं त्याने नोंदवून ठेवलंय. शास्त्राच्या पुस्तकात चित्रकारांची साक्ष काढणारा माणूस सौंदर्य नाकारत होता, असं कसं म्हणायचं?

नाकारलं ते दुसऱ्यांनी. नैसर्गिक निवडीचा शोध स्वतंत्रपणे लावणारा वॉलेस म्हणाला, मादी सौंदर्य बघत नाही. नराचा जोम बघते, रंग त्याच्या मागून येतात. मिव्हार्ट नावाच्या टीकाकाराचा आक्षेप तर वाचण्यासारखा आहे: मादीच्या आवडीचा काय भरवसा, तिच्या लहरीवर इतका ठाम आकार कसा उभा राहील? १८७१ च्या इंग्लंडात बसून पुरुषमंडळी लांडोरीच्या नावाने कुणाबद्दल बोलत होती ते मी सांगायला नको. परिणाम असा की मादीच्या निवडीची कल्पना जवळजवळ शंभर वर्षं अडगळीत पडली. मध्ये रोनाल्ड फिशर या गणितात मुरलेल्या जीवशास्त्रज्ञाने तिला आधार दिला. लांब शेपटाची आवड असलेली मादी लांब शेपटाचा नर निवडते. मुलांना शेपूट मिळतं, मुलींना आवड मिळते, आणि दोन्ही एकमेकांना ओढत नेतात. उपयोग सुरुवातीला थोडाफार असेल, पुढे नसला तरी चालतं.

मग १९८२ मध्ये माल्टे अँडरसन या स्वीडिश शास्त्रज्ञाचा प्रयोग आला. केनियाच्या गवताळ रानात विडोबर्ड नावाचा काळा पक्षी असतो. अंग चिमणीपेक्षा थोडं मोठं, पण नराचं शेपूट अर्ध्या मीटरचं. याने काही नरांची शेपटं कापली आणि ते तुकडे दुसऱ्या नरांना डिंकासारख्या द्रव्याने चिकटवले. काहींचं त्यांचंच शेपूट कापून परत जोडलं, म्हणजे कापाकापीचाच परिणाम झाला असं कुणी म्हणू नये. वाढीव शेपटाच्या नरांकडे सगळ्यांत जास्त माद्या घरटी करायला आल्या. कात्री आणि डिंकाने एका जुन्या वादाचा असा निकाल लावलेला मला फार आवडतो.

मोराचं मात्र अजून एकमत नाही. इंग्लंडमध्ये १९९१ च्या अभ्यासात जास्त डोळ्यांच्या पिसाऱ्याला लांडोरींची पसंती दिसली. जपानमध्ये वर्षानुवर्षं बघून २००८ मध्ये तसं काही आढळलं नाही. लांडोर नेमकं काय बघते ते तिलाच ठाऊक.

तुझ्या कामाचा भाग एवढाच की डार्विनने बघणारीला कारागीर केलं. आपण कलेच्या इतिहासात घडवणाऱ्याचं नाव लिहितो. इथे घडवणारा कुणी नाही, फक्त आवडणारी आहे, आणि तरी पिसारा झाला. हे तुला प्रत्यक्ष बघायचं तर मोराच्या मागे जाऊ नकोस. रायबंदरहून फेरीने चोडणला जा आणि ओहोटीच्या वेळी खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या, कडेला निवांत उभी राहा. चिखलातून नखाएवढे खेकडे वर येतील. मादी दोन्ही नांग्यांनी चिखल उचलून खाते. नराची एक नांगी एवढी मोठी की खायला तिचा काही उपयोग नाही. तो एकाच नांगीने जेवतो आणि दुसरी हलवत राहतो. मारामारीतही ती कामाला येते, पण बहुतेक वेळ तो मादीला हात केल्यासारखा ती नुसती वरखाली करत असतो. हलू नकोस. सावली पडली की सगळे बिळात.

डार्विनला स्वतःला कवितेची आवड होती का? – एक वाचक, साखळी

तरुणपणी भरपूर होती. बीगल जहाजावरून उतरून दूरच्या सफरींवर जाताना एकच पुस्तक नेता आलं तर तो मिल्टनचं महाकाव्य न्यायचा. उतारवयात आत्मचरित्रात त्याने कबूल केलं की आता कवितेची ओळ सहन होत नाही, शेक्सपियर वाचायला घेतला तर इतका कंटाळा आला की मळमळलं. (या माणसाला फार गोष्टींनी मळमळायचं.) पुन्हा जन्म मिळाला तर आठवड्यातून एकदा तरी कविता वाचीन आणि संगीत ऐकीन, असंही त्याने लिहिलंय. कादंबऱ्या मात्र घरात त्याला वाचून दाखवत. शेवट दुःखी असणाऱ्या कादंबऱ्यांविरुद्ध कायदा हवा, असं त्याचं मत होतं.

आमच्याकडे जत्रेला दशावतारी काला असतो. यंदा एका वक्त्यांनी त्याआधी भाषणात सांगितलं की मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन हा क्रम म्हणजे उत्क्रांतिवादच, डार्विनच्या कितीतरी आधी आपल्याकडे होता. हे बरोबर का? – एक वाचक, पेडणे

काला बघितलात ना? मग बघा, रंगमंचावर काय होतं. आड दशावतारात, म्हणजे सुरुवातीच्या भागात, गणपती येतो, ऋद्धीसिद्धी येतात, सरस्वती येते, काळ्या वेशातला संकासुर वेद पळवतो, पोरांना घाबरवतो, हसवतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. मग आख्यान लागतं ते पहाटेपर्यंत. संकासुराला मारायला मासा झालेला देव अख्ख्या पेडण्याला ठाऊक आहे. त्या माशाचं पुढे कासव झालं, असं एकही सूत्रधार म्हणत नाही. प्रत्येक वेळी संकट वेगळं, म्हणून रूप वेगळं. एकातून दुसरं निपजत नाही, आणि निपजणं हाच तर डार्विनचा सगळा मुद्दा.

दहा अवतारांची यादी जयदेवाने बाराव्या शतकात गायली. पुढची सातशे वर्षं तिच्यात कुणालाही उत्क्रांती दिसली नाही. ती दिसली १८५९ नंतरच. १८७७ मध्ये थिऑसॉफीवाल्या मादाम ब्लाव्हाट्स्की यांनी तसं लिहिलं, १८८२ मध्ये कलकत्त्यात केशवचंद्र सेनांनी व्याख्यानात मांडलं. म्हणजे तुमच्या वक्त्यांनी सांगितलं ते प्राचीन ज्ञान नाही, डार्विनचाच आपल्या पुराणांवर पडलेला प्रभाव आहे. मला हे कमीपणाचं वाटत नाही. एक नवी कल्पना आली आणि लोकांनी आपलं जुनं चित्र तिच्या उजेडात पुन्हा पाहिलं, यात गैर काय? गैर आहे तो क्रम. माशापासून रामापर्यंत एकेक पायरी वर, असं ते चित्र. डार्विनच्या वहीत १८३७ मध्ये काढलेलं चित्र फांद्याफांद्यांचं आहे, त्यात वर बसलेला कुणी नाही. बाजारातला बांगडा आपला पूर्वज नव्हे, लांबचा चुलतभाऊ. तो आपल्याइतकाच काळ बदलत आलाय.

धालो आणि फुगडी हे बायकांचे नाच म्हणजे कलेची प्राथमिक अवस्था, त्यातून उत्क्रांत होत शास्त्रीय संगीतापर्यंत आपण पोचलो, असं एका लेखात वाचलं. मी धालो खेळते. वाईट वाटलं. – एक वाचक, काणकोण

वाईट वाटून घेऊ नका, राग येऊ द्या. एकेक पायरी वर चढण्याची, वरच्या उत्तरातली तीच ही शिडी, फक्त कलेला टेकवलेली. आणि तिने युरोपात फार नुकसान केलंय.

१८८१ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात देगा या चित्रकाराने चौदा वर्षांच्या नर्तिकेचा मेणाचा पुतळा काचेच्या पेटीत ठेवला. टीकाकारांना त्या पोरीच्या चेहऱ्यात माकड दिसलं. गुन्हेगार म्हणजे मागच्या पायरीवर राहिलेला माणूस आणि ते कपाळावरून ओळखू येतं, असं लोम्ब्रोसो हा इटालियन डॉक्टर १८७६ पासून सांगत होता. देगाने त्याच प्रदर्शनात गुन्हेगारांची तोंडंही रंगवून लावली होती. लोम्ब्रोसोचा शिष्य म्हणवणारा माक्स नोर्डाऊ १८९२ मध्ये पुढे गेला आणि नव्या कवी-चित्रकारांनाच अधोगतीची लक्षणं ठरवून मोकळा झाला. १९३७ मध्ये नाझींनी म्युनिकमध्ये आधुनिक चित्रांची बदनामी करायला प्रदर्शन भरवलं, त्याच्या नावात हाच अधोगतीचा आरोप होता. नोर्डाऊ स्वतः ज्यू होता.

व्हिएन्नाचा वास्तुकार आडोल्फ लोस याचं म्हणणं त्या मानाने सभ्य: वापराच्या वस्तूंवरचं नक्षीकाम जसजसं गळतं तसतशी संस्कृती उत्क्रांत होते. गोंदवून घेणारा पापुआतला माणूस त्याच्या शिडीवर खाली. आपल्या देवळांच्या भिंतींवरचं कावीकाम, चुन्यावर तांबडी कावी चढवून ती कोरून पांढऱ्या वेली काढलेल्या, हे त्याने कुठल्या पायरीवर ठेवलं असतं?

शिडी उलटून दाखवली ती कादंबरीकार वेल्सने. तो थॉमस हक्सलीकडे जीवशास्त्र शिकला होता. १८९५ च्या त्याच्या कादंबरीत ८,०२,७०१ सालचे लोक नाजूक आणि देखणे आहेत, आणि बिनडोक. जमिनीखाली राहणारे दुसरे त्यांना खातात. काळ पुढे गेला म्हणजे माणूस वर गेला, हे विज्ञान म्हणत नाही, एवढं त्याला पक्कं समजलं होतं.

धालोतून ख्याल निघालेला नाही. दोन्ही आजच्या आहेत. तुम्ही मांडावर खेळत राहा.

मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. उत्क्रांती आणि कला असा एखादा उपक्रम सुचवाल का? – एक शिक्षक, डिचोली

पुष्कळ जण तुम्हांला हेकेल सुचवतील. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ, डार्विनचा कट्टर प्रचारक. १८९९ ते १९०४ दरम्यान त्याने सागरी जिवांची आणि इतर जिवांची १०० चित्रपत्रं काढली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनाचं प्रवेशद्वार बिने या वास्तुकाराने त्याच्याच सूक्ष्मजीवांवरून बेतलं होतं. मुलांना जरूर दाखवा, डोळे दिपतात. माझी तक्रार एवढीच की त्यात प्रत्येक जीव आखून काढल्यासारखा आदर्श आहे. एकाचाही टवका उडालेला नाही. डार्विनचं सगळं काम उभं आहे ते एकाच जातीतले दोन जीव सारखे नसतात यावर. आदर्श नमुना ही आपल्या डोक्यातली गोष्ट. चिखलात असतात ते फक्त फरक.

म्हणून घरी तिसऱ्यांचं सुकं झालं की शिंपले फेकू नका, धुऊन ठेवा. वर्गातल्या प्रत्येक मुलाला एकेक द्या आणि त्याचं चित्र काढायला सांगा: वाढीच्या रेषा, तपकिरी नागमोडी खुणा, कड कुठे झिजलीय ते. मग सगळे शिंपले एका पिशवीत घालून टेबलावर ओता आणि चित्र हातात घेऊन आपापला ओळखायला लावा. ज्याने साधारण शिंपला काढलाय त्याला तो सापडणार नाही. पहिल्या दिवशी भांडणं होतील, तेवढी तयारी ठेवा.