'लंडनडेरी एअर'मधली 'एअर' म्हणजे काय?

प्रश्न असा आहे: आयरिश-स्कॉटिश धुनांच्या नावांत 'एअर' येतं, त्याला मराठीत 'गीत' म्हणावं का? आणि 'लंडनडेरी एअर' हे मुळात गाणं की नुसती धून?

'गीत' नको, सरळ 'चाल' म्हणा. व्युत्पत्ती हवेपर्यंत जाते खरी, पण संगीतातला हा 'एअर' इटालियन 'आरिआ'चा (ऑपेरातल्या एकल गाण्याचा) सख्खा भाऊ. गळ्यावर चढेल अशी सुरावट, मग शब्द कुणाचेही असोत. संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून आधीच्या एखाद्या गाण्याचा मुखडा छापलेला दिसतो ना, स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या गाण्यांवरही तसंच जुन्या धुनेचं नाव असतं. जॉर्ज थॉमसन या संग्राहकाने १७९३पासून काढलेल्या स्कॉटिश 'एअर्स'च्या संग्रहाचा खाक्या हाच: चाली लोकांच्या, शब्द बर्न्ससारख्यांचे, आणि साथसंगत पुढे पुढे चक्क हायडन आणि बेथोवेन यांची!

'लंडनडेरी एअर' तर निव्वळ चालच होती. उत्तर आयर्लंडमधल्या लिमावाडी गावच्या जेन रॉस यांनी ती टिपली आणि लोकधुनांचे संग्राहक जॉर्ज पेट्री यांनी १८५५मध्ये डब्लिनला छापली, तेव्हा तिला ना शब्द होते ना नाव. नाव मागाहून परगण्यावरून पडलं. त्यातही भांडण आहेच. 'डेरी' हे मूळ आयरिश, ओकवृक्षांच्या राईवरून आलेलं. त्यामागे 'लंडन' लागलं ते १६१३मध्ये, लंडनच्या व्यापारी संघांना तिथे वसाहत दिली तेव्हा. म्हणून काही जण आजही 'डेरी एअर'च म्हणतात. याच चालीवरचं प्रसिद्ध गाणं म्हणजे 'डॅनी बॉय'. त्याचे शब्द फ्रेडरिक वेदरली या इंग्रज वकिलाचे. ते १९१०मध्ये लिहिले होते दुसऱ्याच चालीसाठी. या चालीत बसवून गाणं छापलं गेलं १९१३मध्ये.

आयरिश वादकांच्या तोंडी 'स्लो एअर' असतो, तो मात्र जरा वेगळा. रील आणि जिग या धुना नाचासाठी, पक्क्या ठेक्याच्या. स्लो एअर बहुधा एखाद्या आयरिश भाषेतल्या गाण्याचा, मात्रांत न बांधलेला. वादक शब्दांच्या ओघाने सूर लांबवतो, म्हणून त्याला मूळ गाणं ठाऊक असावं अशी जाणकारांची अपेक्षा असते. त्याला 'विलंबित चाल' म्हणू नये. आपल्याकडे विलंबितला ताल असतो, इथे तोच नाही. 'संथ, मुक्त लयीतली चाल' लिहिलं तर कुणाची दिशाभूल होणार नाही.