लीलँड स्टॅनफर्ड रेल्वेच्या पैशावर कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले का?

नाही, १८६१ ची निवडणूक जिंकली तेव्हा त्यांची सेंट्रल पॅसिफिक रेल्वे (कॅलिफोर्नियातून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग बांधणारी कंपनी) फक्त कागदावर होती. कंपनी त्याच वर्षी जूनमध्ये स्थापन झाली आणि सॅक्रामेंटोत कामाची पहिली माती पडली ती जानेवारी १८६३ मध्ये. मूळचे वकील असलेले स्टॅनफर्ड १८५२ मध्ये कॅलिफोर्नियात आले आणि भावांबरोबर खाणकामगारांना किराणा-सामान विकू लागले. हाताशी पैसा होता तो या दुकानदारीचा. शिवाय तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षात फूट पडलेली होती, त्याचाही रिपब्लिकन स्टॅनफर्डना फायदा झाला.

उलट प्रश्न मात्र जरूर विचारावा: गव्हर्नरपदाचा रेल्वेला फायदा झाला का? भरपूर! १८६२-६३ मध्ये ते एकाच वेळी गव्हर्नरही होते आणि कंपनीचे अध्यक्षही. आज हे सरळ हितसंबंधांच्या संघर्षाचं प्रकरण ठरलं असतं. रेल्वेबांधणीला मदत देणाऱ्या १८६२ च्या कायद्याने कंपनीला केंद्र सरकारचे रोखे मैलामागे सपाटीवर १६,००० आणि डोंगरात ४८,००० डॉलर असे मिळत. मग राज्याच्या भूवैज्ञानिकाने डोंगराची सुरुवात सॅक्रामेंटोपासून जेमतेम सात मैलांवर दाखवली, जिथे जमीन जवळपास सपाटच होती.

एक खुलासा: रेल्वेचा पैसा नव्हता, हे १८६१ च्या निवडणुकीपुरतंच खरं आहे. १८८५ मध्ये ते सिनेटर झाले तोवर रेल्वेने त्यांना गडगंज केलं होतं. शिवाय सिनेटर तेव्हा जनता नव्हे, राज्याचं विधिमंडळ निवडत असे, आणि तिथे रेल्वेचं वजन मोठं होतं.