दुष्काळात बाष्प कमी पडतं का, आणि शेतं हिरवी ठेवली तर पाऊस वाढतो का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: समुद्र आटत नाही, बाष्पाच्या येण्याच्या वाटा बिघडतात. अरबी समुद्राचं बरंचसं बाष्प सह्याद्रीच काढून घेतो. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटर, खाली वाईला हजारही नाही. मराठवाड्याचा खरा भरवसा बंगालच्या उपसागरातून ओडिशा-छत्तीसगडमार्गे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर. ती दोन्हीकडचं बाष्प ओढून घेतात आणि वर उचलतात. ती आलीच नाहीत, किंवा मान्सूनचा आस, म्हणजे उत्तर भारतावरून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरलेला कमी दाबाचा पट्टा, हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसला, की तराईत पूर आणि आमच्याकडे खंड. वरून वायव्येची कोरडी हवा घुसली तर आलेले ढगही वाढत नाहीत.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र आमच्या घरात वर्षानुवर्षं भांडण आहे.

२०१५ साली मराठवाड्यात सरासरीच्या साठेक टक्केच पाऊस झाला. ढग रोज गावावरून पळत होते, सोयाबीन फुलोऱ्यातच करपलं. आमच्या थोरल्या चुलत्यांनी, आबांनी, ऊस जगवायला बोअरवर बोअर घेतले. वडील ओरडले तर म्हणाले, "अरे, उसामुळं गारवा राहतो, गारव्यानं ढग थांबतात. मी गावाला पाऊस आणतोय!" २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडं होतं, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, आणि आबांच्या बांधाला पाणी झिरपत होतं. पारावर लोक मान डोलवायचे, कारण निम्म्यांचा ऊसच होता.

जमिनीवरून उठणारं बाष्प खोटं नाही. गंगेच्या खोऱ्यात सप्टेंबरच्या पावसात त्याचा वाटा पाव हिश्श्याच्या घरात जातो. पण दुष्काळात पहिला हाच स्रोत आटतो. काळी माती भेगाळली की ती काय देणार? आबांच्या उसातून वाफ उठत होती हे कबूल, पण पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. ती वाफ तेलंगणाच्या दिशेने जाणार, आणि वर उचलणारं काही नसेल तर तिथेही ढग होणार नाही. पाटपाण्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटर पाणी पिणारं पीक सातशे मिलिमीटरच्या प्रदेशात लावून पाऊस आणणं म्हणजे कर्ज काढून सावकाराला श्रीमंत करणं. तुमच्याकडे पाणी जेमतेम असेल तर तूर लावा.

हो, अल निनो (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापणं) म्हणजे दुष्काळ असंही समजू नका. १९९७ चा अल निनो जबरदस्त होता, देशात पाऊस सरासरीइतका झाला. आणि मी म्हणतोय ते मराठवाड्याचं; विदर्भ-कोकणाला जसंच्या तसं लावू नका.

आबांचं यावर म्हणणं, "पुण्यात बसून शेती शिकवू नको. उसाला कारखाना ठरलेला दर देतो, तुरीला व्यापारी म्हणेल तो." हे खरं आहे. पण तो दराचा मुद्दा झाला, पावसाचा नाही, आणि तेवढं ते अजून मान्य करत नाहीत.