३१ आठवड्यांत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचे मोबाइलने फोटो घेतले, एवढं पुरेसं आहे का?

नाही, आरओपीसाठी (वेळेआधी जन्मलेल्या बाळांना होणारा डोळ्याच्या पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा आजार) ही फक्त पहिली चाळणी आहे. फोटो ‘नॉर्मल’ आले तरी रेटिना तज्ज्ञांना दाखवाच. थेंब टाकून बाहुली मोठी करतात, २० डायॉप्टरचं भिंग डोळ्यासमोर धरतात आणि मोबाइलच्या फ्लॅशच्या उजेडात व्हिडिओ घेतात. पडद्याचा मधला भाग, तिथल्या फुगलेल्या, नागमोडी रक्तवाहिन्या छान दिसतात. पण आरओपी सुरू होतो पडद्याच्या कडेकडे, आणि ती कड फोटोत सहज निसटते. तिथे इनडायरेक्ट ऑप्थॅल्मोस्कोपच (डॉक्टर डोक्याला लावून पडदा तपासतात ते उपकरण) लागतो. भारतात ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २ किलोहून कमी वजनाच्या बाळाची पहिली तपासणी ३० दिवसांच्या आत करतात. जवळ तज्ज्ञ नसेल तर मात्र हेच फोटो लगेच त्यांच्याकडे पाठवायला फार उपयोगी पडतात.